टाऊझरचा दगड

ऑस्टरडेलच्या रेसकोर्सवर, जॉकींच्या वजनाच्या खोलीबाहेर, पुरुषभर उंचीचा एक दगड उभा आहे. ऑस्टरडेल स्टेक्स ही शर्यत जिंकणाऱ्या ट्रेनरांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यांत एक नाव कुत्र्याचं आहे. बाईचं एकही नाही.

विनिफ्रेड ऑल्डरसनला त्या दगडाचा मनस्वी राग होता, आणि त्यावर आपलं नाव यावं म्हणून तिचा जीव तुटत होता. दोन्ही एकाच वेळी. यॉर्कशरच्या त्या दरीत दुसरं कुणी असं बोललं असतं तर तिनेच त्याला वेड्यात काढलं असतं.

शर्यत दोन वर्षांच्या घोड्यांची, सपाटीवरची, वर्षातून एकदा, ऑगस्टात. सुरू झाली दोन जमीनदारांच्या भांडणातून. जेवण झालं, पोर्ट वाइन झाली, आणि माझं शिंगरू तुझ्या शिंगराच्या पुढे जाईल यावर दोघांची जुंपली. त्या काळी इतक्या कोवळ्या घोड्यांना पळवणं म्हणजे घोर पाप. पाद्रीबुवांनी त्याविरुद्ध रविवारी खणखणीत प्रवचन ठोकलं आणि गुरुवारी स्वतःचं शिंगरू मैदानात उतरवलं. पुढे एका वर्षी असं धुकं पडलं की कोण पहिला आला ते देवालाच ठाऊक. पंचांनी सगळ्यात जास्त घामेजलेला घोडा निवडला आणि विषय संपवला. एका वर्षी तर एकच घोडा पळाला. तो मध्येच चरायला थांबला, आणि तरीही पहिला आला. असा हा थोर इतिहास! यावर ऑस्टरडेलची माणसं छाती काढून चालत.

दगडाची रीत मात्र कडक होती. शर्यत संपली की विजेत्या ट्रेनरने दगडाशेजारच्या चौथऱ्यावर चढायचं. शर्यतीच्या सेक्रेटरीने वजनाच्या खोलीच्या पायऱ्यांवरून मोठ्याने विचारायचं, "हे शिंगरू कुणी घडवलं?" त्याच्या उत्तरात जे नाव सगळ्यांच्या कानांवर पडेल, ते कोरायचं. प्रश्न एकदाच. पूर्वी कधीतरी दोघा ट्रेनरांनी एकाच शिंगरावर हक्क सांगून एकमेकांचे दात पाडले होते, तेव्हापासून हे ठरलं.

आणि मग टाऊझर. एक ट्रेनर जिंकला तो सकाळपासून झिंगलेला. चौथऱ्यावर चढला तर त्याचं कुत्रंही मागोमाग वर. सेक्रेटरीने विचारलं, "हे शिंगरू कुणी घडवलं?" आणि त्याच क्षणी हा कुत्र्यावर खेकसला, "टाऊझर!" झालं. कोरलं. बिचारा नंतर रडला, हातापाया पडला, बायकोला पाठवलं. कुणी बधलं नाही. नियम म्हणजे नियम. आजही पोरं त्या दगडाला टाऊझरचा दगडच म्हणतात.

विनिफ्रेडचा नवरा हर्बर्ट ट्रेनर होता. लढाईत गेला. मागे राहिली पागा, चौदा घोडे आणि ही. घोड्यांचं हर्बर्टपेक्षा हिलाच जास्त कळत होतं, हे हर्बर्टही चारचौघांत कबूल करायचा. पण लायसन्स मागायला गेली तर घोड्यांच्या शर्यती चालवणाऱ्या लंडनच्या क्लबातल्या मंडळींनी कळवलं की बाईला लायसन्स देता येत नाही. बाईने घोडा विकत घ्यावा, त्याला चारा घालावा, त्याच्या लाथा खाव्यात. त्याला शिकवू मात्र नये.

मग काय, लायसन्स निघालं सेप मेटकाफच्या नावावर. सेप तिचा मुख्य मोतद्दार. माणूस देवासारखा, खरारा करण्यात हातखंडा, बाकी कुठल्या घोड्याला कधी किती पळवायचं असं विचारलं की टोपी मागे सारून म्हणायचा, "मिसेसना ठाऊक." बाहेरच्यांसमोर मात्र उलटा कारभार. कुणी गवताचा चढा भाव सांगितला, कुणी अडेलतट्टू घोडा गळ्यात मारायला आणला, की विनिफ्रेड गंभीर चेहरा करून म्हणायची, "सेपला विचारून सांगते." फोन उचलला की, "मेटकाफ पागा." इतकी वर्षं! ही थाप अख्ख्या दरीला माहीत होती आणि सगळे ती इमानाने पाळत होते.

या थापेच्या जोरावर तिने ऑस्टरडेल स्टेक्स तीनदा जिंकली. पहिल्या वेळी सेप चौथऱ्यावर चढला आणि एवढी गर्दी बघून त्याची वाचाच बसली. सेक्रेटरीने प्रश्न विचारला. सेपचं तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाही. खाली उभ्या विनिफ्रेडला राहवेना. तीच ओरडली, "सेप मेटकाफ!" लोक हसले, नाव कोरलं गेलं. पुढच्या दोन्ही वेळी तोच प्रकार झाला, सेप वर आणि आवाज हिचा.

"मिसेस, मला लाज वाटते हो," तिसऱ्या वेळी घरी येताना सेप म्हणाला होता. "जिंकायचं तुम्ही आणि दगडावर मी."

"गप रे. तुझ्या जागी टाऊझर असता तरी मी हेच केलं असतं."

"टाऊझर निदान भुंकला तरी असता," सेप म्हणाला.

मग दक्षिणेकडच्या एका खमक्या म्हातारीने क्लबाला कोर्टात खेचलं, आणि बायकांना लायसन्स मिळायला लागलं. बातमी आली त्या दिवशी विनिफ्रेड तडक सेक्रेटरी कर्नल हेब्डेनच्या दारात. कर्नल बागेत गुलाब छाटत होता. चांगला माणूस, पण बाई दिसली की पहिल्यांदा खुर्ची शोधणारा.

"बसा मिसेस ऑल्डरसन, आधी बसा. चहा सांगू?"

"चहा नको. दगडावर माझं नाव चालेल का, तेवढं सांगा."

"लायसन्स असेल तर का नाही चालणार? आम्ही तुमच्यासाठी सगळं जरा सोपं करून देऊ. चौथऱ्याला पायरी करून घेऊ, कठडा बसवू..."

"काही करू नका!" तिचा पाराच चढला. "पायरी नको, कठडा नको. पुरुषांना जो नियम, तोच मला. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही. इतकी वर्षं दुसरं काय मागतेय मी?"

"बरं बाई," कर्नल म्हणाला आणि त्याने चुकून एक चांगली कळी छाटली.

पण दैवाला थट्टा करायची हुक्की आली होती. नवीन वर्षात तिच्या नावाचं लायसन्स आलं, आणि कोकरं जन्मायच्या दिवसांत सेप गेला. उभ्या जन्मात एकाही घोड्याची लाथ न खाल्लेला माणूस स्वतःच्या उंबऱ्यावरच्या बर्फावरून घसरला, तिथेच गारठत पडून राहिला, छातीत सर्दी धरली आणि पंधरवड्यात आटोपला. त्याच वसंतात कौन्सिलने रेसकोर्सची जागा चुन्याच्या खाणीला विकली. यंदाची स्टेक्स शेवटची. दगड चर्चच्या आवारात हलवायचा होता, आणि तळाशी एकाच नावापुरती जागा उरली होती.

म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

विनिफ्रेडकडे गूसबेरी नावाची दोन वर्षांची तांबूस घोडी होती. अंगाने लहानखुरी, स्वभावाने खट. दुसऱ्या घोड्याची शेपटी समोर दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अशा घोडीला शिकवावं लागत नाही, फक्त आवरावं लागतं. विनिफ्रेडने तिला सबंध उन्हाळा आवरलं. पहाटे माळावर दुडकी, मग उतारावर हळूहळू वेग, आणि पुढे शेपटी दिसत असतानाही मान खाली ठेवून पळायची सवय. जून संपता संपता तिची खात्री पटली की ही जिंकणार.

खात्री नव्हती ती स्वतःची. सेपच्या दफनानंतर गवतवाला आला, भाव वाढवून सांगितला, आणि हिच्या तोंडून नेहमीसारखं गेलं, "सेपला विचारून सांगते." गवतवाल्याने मुकाट्याने टोपी काढून हातात धरली आणि जुन्याच भावाने गवत दिलं. फोनचंही तेच. घंटी वाजली की "मेटकाफ पागा". मग जीभ चावायची, मग स्वतःला चार शिव्या.

सेपची बायको नेल हे सगळं बघत होती. ती रोज दुपारी चहाला यायची, कारण आता तिच्या घरी चहा प्यायला कुणी नव्हतं.

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता?" नेल म्हणायची. "मी अजून दोन अंडी उकडते. एक मांजराला घालते."

"तुला दगडावर चढायचं नाहीये, नेल."

"मग आरशासमोर म्हणा. आमचा सेप म्हणायचा की तो रोज दाढी करताना म्हणतो, 'मी सेप मेटकाफ.' तरी तिथे गेल्यावर दातखीळ बसायचीच त्याची."

विनिफ्रेड खरंच आरशासमोर म्हणू लागली. विनिफ्रेड ऑल्डरसन. अंघोळीला जाताना, लोण्याचं भांडं घासताना, घोडीच्या पायाला पट्टी बांधताना. विनिफ्रेड ऑल्डरसन. ऑगस्ट उजाडेपर्यंत तिला वाटायला लागलं की हे कुणातरी भलत्याच बाईचं नाव आहे.

शर्यतीच्या दिवशी सगळी दरी लोटली. शेवटची म्हणून वर्षानुवर्षं न आलेले लोकही आले, आणि आपण दर वर्षी येतो असं एकमेकांना सांगत हॅमचे सँडविच खात हिंडत होते. ज्यांनी कौन्सिलमध्ये जागा विकायला हात वर केले, ते सगळ्यात जास्त हळहळत होते. सात घोडे होते. गूसबेरीने सुरुवातीलाच शेजारच्याला चावायचा प्रयत्न केला, त्यात सुटायला उशीर झाला, आणि पुढे एक सोडून सहा शेपट्या दिसल्या. विनिफ्रेडने कठडा घट्ट धरला. पण घोडी शिकली होती. मान खाली, कान मागे, आणि एकेक शेपटी मागे टाकत निघाली. शेवटच्या खांबाजवळ ती आणि एक काळा घोडा अगदी जोडीने. जॉकीने नुसता लगाम ढिला केला. गूसबेरी एका मानेच्या अंतराने जिंकली.

नेलने विनिफ्रेडला अशी मिठी मारली की दोघींच्या टोप्या पडल्या. "गेलं! गेलं बाई तुमचं नाव दगडावर!"

जॉकीचं वजन झालं, निकाल पक्का झाला. विनिफ्रेड पायरी नसलेल्या चौथऱ्यावर स्कर्ट सावरत, कुणाचा हात न घेता चढली. गर्दी शांत झाली. तिने खाली पाहिलं. ती जिथे उभी राहायची ती जागा, दगडाच्या डाव्या हाताला, कठड्यालगत. तिथे कुणी नव्हतं. लोकांनी उगाच की मुद्दाम, पण तेवढी जागा मोकळी सोडली होती. तिला सेपची आठवण आली. त्या माणसाने तिच्यासाठी तीनदा चारचौघांत स्वतःचं हसू करून घेतलं होतं आणि तिने एकदाही त्याचे धड आभार मानले नव्हते. मानायचे राहूनच गेले. आता मानायचे तर कुणाचे?

पायऱ्यांवरून कर्नलचा आवाज आला. "हे शिंगरू कुणी घडवलं?"

"सेप मेटकाफ!"

आवाज स्वच्छ होता. मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. पैजा घेणाऱ्या बुकींनीसुद्धा माना वळवल्या.

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. विनिफ्रेडचा हात तोंडावर गेला. तिने आजवर इतक्या वेळा, इतक्या सफाईने मारलेली थाप, आज कुणी मागितली नसताना बाहेर पडली होती. पायाखालचा चौथरा कुणी काढून घ्यावा तसं तिला झालं.

"खिटी लावा गं कुणीतरी माझ्या तोंडाला," ती पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

कर्नल पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यालाही खरंच वाईट वाटत होतं.

"मिसेस ऑल्डरसन, काळजी करू नका," तो हळू बोलायला गेला, पण फौजी माणसाचं हळू म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणारं. "मी पुन्हा विचारतो. बाईमाणूस आहे, भावनेच्या भरात होतं असं. कुणाची काही हरकत नसणार."

"नाही, नाही!" चारी बाजूंनी लोक ओरडले. "विचारा पुन्हा! विचारा कर्नल!"

बघा, किती प्रेमळ लोक! टाऊझरच्या मालकासाठी ज्यांच्या आजे-पणजांना पाझर फुटला नाही, ते आता एका बाईसाठी नियम मोडायला एका पायावर तयार होते. ज्याच्या घोड्याला तिने मानेने हरवलं, त्या काळ्या घोड्याचा ट्रेनरसुद्धा टोपी हलवत म्हणाला, "विचारा हो, बाईच आहे शेवटी."

विनिफ्रेडने बाहीने नाक पुसलं. एक शब्द बोलायचा होता. हो. की झालं; शेवटच्या ओळीत विनिफ्रेड ऑल्डरसन, कायमचं, चर्चच्या आवारात, पोराबाळांनी बोट फिरवून वाचावं असं. तिला ते हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं नव्हतं. हर्बर्ट परत यावा असंही तिला कधी इतकं वाटलं नव्हतं, आणि हे तिने स्वतःपाशी कधीच लपवलं नव्हतं.

"कर्नल," ती म्हणाली, "माझ्या जागी पुरुष असता तर पुन्हा विचारलं असतंत?"

कर्नल बिचारा खरं बोलणारा. त्याने मिशीवरून हात फिरवला. "नसतं."

"मग मलाही विचारायचं नाही."

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही! प्रश्न एकदाच. टाऊझरला जो नियम तोच मला. एनॉकला सांगा, छिन्नी घे म्हणावं."

आणि ती खाली उतरली. या वेळी कर्नलने हात पुढे केला आणि तिने तो घेतला.

एनॉक पाथरवटाने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, तळाच्या ओळीत एस. मेटकाफ कोरलं. गर्दीतल्या म्हाताऱ्या मोतद्दारांनी टोप्या काढल्या. अशा रीतीने सेप मेटकाफने मेल्यावर चार महिन्यांनी आपली चौथी ऑस्टरडेल स्टेक्स जिंकली, आणि ती शर्यत संपली. इतिहासात हेच राहणार. पुढे कुणी अभ्यासू माणूस येईल, त्या दगडासमोर उभा राहील आणि या मेटकाफच्या घोड्यांच्या समजेबद्दल चार पानं लिहील.

संध्याकाळी नेल दह्याच्या सारणाचा टार्ट घेऊन आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

"त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं," नेल म्हणाली.

"माहीत आहे."

"म्हणजे आनंदही झाला असता. पण तुमच्यासमोर तोंड दाखवलं नसतं आठ दिवस." नेलने टार्ट कापला. "रागावलात माझ्या सेपवर?"

"त्याच्यावर कशाला? माझ्याच जिभेवर रागावलेय. आणि खरं सांगू का नेल, थोडंसं बरंही वाटतंय. त्याचे आभार मानायचे राहिले होते. अर्थात इतके मानायचे नव्हते."

नेल हसली, मग हसता हसता रडली. विनिफ्रेडने तिच्यापुढे चहा सरकवला.

फोन वाजला. विनिफ्रेड उठली. फोनजवळ जाऊन क्षणभर थांबली, खाकरली, पाठ ताठ केली. तिने रिसीव्हर उचलला आणि स्पष्ट, सावकाश, एकेक अक्षर तोलून म्हणाली, "ऑल्डरसन पागा. विनिफ्रेड ऑल्डरसन बोलतेय."

"अरेच्चा, माफ करा हं बाई," पलीकडून लीड्सच्या कुठल्याशा वर्तमानपत्रातला माणूस म्हणाला. "चुकीचा नंबर लागला वाटतं. मला मेटकाफसाहेब हवे होते, आजचे विजेते." आणि त्याने फोन ठेवून दिला.

विनिफ्रेड रिसीव्हर हातात धरून उभी राहिली.

"कोण होतं?" नेलने विचारलं.

"सेपसाठी होता," विनिफ्रेड म्हणाली, आणि येऊन पुन्हा चहाला बसली.